खुर्ची मागे सरकवताना

दिव्यांगांना नोकऱ्या लावून देणाऱ्या आम्हा लोकांची एक संघटना आहे. महिन्यातून एका शनिवारी घाटकोपरच्या एका शाळेत, सहावीच्या बाकांमध्ये गुडघे कोंबून आम्ही बसतो. तिथे 'कुणाला नोकरी लागली?' असं कुणी विचारत नाही. विचारतात, "खुर्ची कुठवर आली?"

नव्या जागी उमेदवाराच्या शेजारी आमची खुर्ची असते. त्याचा कामावर हात बसला की ती थोडी मागे, मग भिंतीला, मग दाराबाहेर, आणि एक दिवस आम्ही जातच नाही. आपली गरज संपवण्यासाठीच राबायचं, असला हा उफराटा धंदा.

मुलुंडला औषधांच्या पॅकिंगमध्ये मी एका कर्णबधिर मुलीला कामाला लावलं, तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घर खायला उठायचं. इथे ही पोरगी दिवसभर खुणांनी बडबडायची, आईच्या भाजीला नावं ठेवायची, सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल करायची. माझी खुर्ची काही भिंतीला लागेना.

सुपरवायझर मात्र तिच्याशी बोलेचना. ती समोर असताना मला सांगायचा, "मॅडम, हिला सांगा ना, स्टिकर वाकडा लागतोय." तिला कायम करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "पोरगी झकास आहे हो. पण तुम्ही रोज येणार का? नाहीतर आमची वाट लागेल. नकोच ते."

म्हणजे तिची नोकरी जाणार होती. संघटनेतल्या ज्येष्ठ बाईंना मी हे सांगितलं, तर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू तिथे ठाण मांडून बसलीस तर तो तिच्याशी कशाला बोलेल गं? ऊठ आता." मला भयंकर राग आला. त्यांचं घर भरलेलं होतं, त्यांचं काय जातंय 'ऊठ' म्हणायला? तरी सोमवारी सुपरवायझरला चार खुणा शिकवल्या, बाकीच्या तिच्याकडूनच शिका म्हटलं आणि बाहेर पडले.

ती कायम झाली. बैठकीत सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. खुणांच्या भाषेत टाळ्या अशाच वाजवतात. मी हसले आणि घरी येऊन एकटीपुरता कुकर लावला.

पुढे एका संध्याकाळी काहीही काम नसताना मुलुंडला गेले. शिफ्ट सुटली. ती घोळक्यातून बाहेर आली. सुपरवायझर हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती हसत हसत त्याची चूक दुरुस्त करत होती. मला पाहताच धावत रस्ता ओलांडून आली. खुणेनं विचारलं, "इकडे कुठे? आता कुणाला नोकरी लावताय?"

तुला बघायला आले, एवढंच सांगायचं होतं. हात वर आलाही होता. पण मी समोरच्या कुठल्याशा गेटाकडे बोट दाखवलं. तिनं खूश होऊन अंगठा वर केला आणि मैत्रिणींनी थांबवलेल्या रिक्षाकडे पळाली.