रेडिओवरचे काका

आमच्या वाडीत एक गृहस्थ होते. नोकरी कुठं होती असं कोणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "मुंबईला. रेडिओवर!" झालं, भजनी मंडळाने त्यांना मानाने पेटीपुढे बसवलं. काका गायले, आणि तिथंच सगळ्यांना शंका आली. गिरणीत माणूस साच्यावर, म्हणजे मागावर असतो, तसे काका रंगवलेलं सूत रेडिओलहरींनी सुकवणाऱ्या यंत्रावर होते, एवढाच त्याचा अर्थ. पण रेडिओकाका हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा आमच्या बचत गटाचं काजू युनिट शेवटच्या घटका मोजत होतं. साल काढण्याआधी काजूगर सुकवावा लागतो. आमच्या विजेच्या भट्टीत तो वरून करपायचा नि आतून ओला राहायचा. साल काढताना त्याचे तुकडे व्हायचे, आणि विजेचं बिल बघून अध्यक्ष सुमनताईंना घाम फुटायचा. युनिट बंद म्हणजे आम्ही सगळ्या घरी. मी तर मुंबईला घरकामाला जायचं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

काका भट्टीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गो बायांनो, ही भट्टी आधी खोली तापवते, मग पत्रा, उरलं तर काजू. माझा रेडिओ फक्त पाण्याशी बोलतो. पाणी संपलं की गप." बढाया मारायची त्यांना हौसच होती, पण ही बढाई नव्हती. जुन्या मालकाच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी गिरणीच्या अडगळीतलं एक छोटं यंत्र टेम्पोत घालून आणलं.

सुमनताईंनी यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. काका मागच्या बाजूला वायरी तपासत होते, तेवढ्यात ताईंनी आत काजूवर विडा ठेवला. विड्यावर सुपारी, सुपारीशेजारी नाणं. बटण दाबताच आत वीज कडाडली, धूर झाला आणि आम्ही सगळ्या अंगणात! देवानेच नकाराचा कौल दिला, असं ताईंचं मत पडलं. काळं पडलेलं नाणं हातात घेऊन काका कडाडले, "धातू चालत नाय त्याला!" मग स्वतःच पायरीवर बसले. "माझंच चुकलं. सांगायला हवं होतं. गिरणीत कोण पूजा आत घालतंय?"

मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत ताईंनी भंगारवाल्याकडे चौकशीही केली होती. काका मात्र खुशाल गर उन्हात पसरत होते. "पहिलं पाणी उन्हाला काढू दे. उन्हाचं बिल येत नाय. आत दडलेलं तेवढं रेडिओला द्या." यंत्र दुरुस्त झालं, पण बटणाला हात लावायला कोणी धजेना. शेवटी मी दाबलं. काही कडाडलं नाही. गार झालेला गर चिमटीत धरला तर साल आपसूक सुटली. अख्खा गर! मला रडूच फुटलं. पुढे बिलही उतरलं आणि ताईंनी भंगारवाल्याचं नाव घेणं सोडलं.

गेल्या वर्षी काका गेले. तेराव्यापर्यंत युनिट बंद ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. तिसऱ्याच दिवशी काकूंचा निरोप आला, "कुलूप काढा. बंद ठेवलंत तं ते मना घरात सुखानं बसू देतील काय?" आम्ही कामाला लागलो. दिवसकार्य उरकल्यावर काकू स्वतः आल्या, आमच्या रांगेत फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "सरका गो जरा. मनापन शिकवा."