मायनसची जागा

गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून उतरताना माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मी पूर्णेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीचं मॅट्रिक्सचं प्रकरण नेमकं अर्धवट राहिलं होतं आणि माझ्या जागी तासाला जाणारे सर फिजिक्सचे होते. मुलांना पाठवता येईल असा एखादा बरा व्हिडिओ मिळतो का ते बघावं म्हणून एका दुपारी मी पाय उशीवर ठेवून फोन हातात घेतला.

दोन-तीन व्हिडिओ पाहिले. सगळे माझ्यासारखेच शिकवत होते, भराभरा, फळ्याकडे तोंड करून. तिसरा संपल्यावर पुढचा आपोआप सुरू झाला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा वर्ग होता, कुणालाही फुकट पाहता यावा म्हणून ठेवलेला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले एक वयस्कर प्राध्यापक मधूनमधून खोकत बोलत होते. विषय कॉम्प्युटर ग्राफिक्स. हा आपल्या कामाचा नाही म्हणून मी बंद करणार होते, तेवढ्यात त्यांनी फळ्यावर चार पदं लिहिली. वरच्या ओळीत कॉस थीटा, मायनस साइन थीटा. खालच्या ओळीत साइन थीटा, कॉस थीटा.

हे माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं. ही मॅट्रिक्स पंधरा वर्षं दरवर्षी मी फळ्यावर लिहीत आले. "मायनसची जागा ध्यानात ठेवा, मायनस हलला की गणित गेलं," हे वाक्य तर मी झोपेतही म्हणू शकले असते. या मॅट्रिक्सवर एक हमखास येणारं गणित असतं. एकीत अल्फा घालायचा, दुसरीत बीटा घालायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि उत्तर अल्फा अधिक बीटाच्या मॅट्रिक्सएवढं येतं हे सिद्ध करायचं. त्रिकोणमितीची सूत्रं वापरून मी ते पाऊण फळाभर सोडवत असे.

प्राध्यापक संगणकाकडे वळले. पडद्यावर एक चहाची किटली होती. त्यांनी ती चार पदं तिला लावली आणि थीटा, म्हणजे वळायचा कोन, वाढवला. किटली वळली.

बस, एवढंच झालं. आपल्या नजरेतून काहीतरी निसटलं असं वाटून मी व्हिडिओ मागे घेतला. किटली पुन्हा वळली. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी फोन पलंगावर पालथा घातला. आधी अल्फा एवढं वळा, मग बीटा एवढं वळा. एकूण किती वळलात? अल्फा अधिक बीटा. यात सिद्ध करण्यासारखं काय होतं? पहिलीतल्या लेकरालाही उभं करून, फिरवून दाखवता आलं असतं. पंधरा वर्षांत ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

नवरा ड्युटीवरून आला. तो रेल्वेत सिग्नलच्या देखभालीचं काम करतो. माझ्याकडे पाहून तो दारातच थांबला.

"तोंड असं का झालंय? पाय दुखायलाय का?"

"नाही. मी पंधरा वर्षं काय शिकवतेय ते मला आज कळलं."

डबा खाली ठेवून तो म्हणाला, "म्हणजे चुकीचं शिकवायलीस का काय इतके दिवस?"

"नाही ना. बरोबर शिकवतेय. तेच तर."

त्याला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ती व्याख्यानं पहिल्यापासून पाहायला घेतली. इंग्रजी भराभर असायचं, म्हणून खालची अक्षरं वाचत, थांबवत, तासाभराच्या व्याख्यानाला अख्खी दुपार लागायची. घरातला जुना लॅपटॉप चालू केला. बीएस्सीला शिकलेलं प्रोग्रॅमिंग कधीच पुसलं गेलं होतं, ते पुन्हा गिरवलं. पहिला गृहपाठ होता एक त्रिकोण काढणं. मी गणिताची शिक्षिका, मला त्रिकोण काढायला सांगितला आणि मला तो चार दिवस निघाला नाही. पडद्यावर नुसता काळा चौकोन यायचा. नवरा चहाचा कप हातात घेऊन माझ्यामागे उभा राहायचा.

"लय भारी काढलंस. अंधार कुठला हाय हा, आपल्या बोळीतला का?"

पाचव्या दिवशी चूक सापडली. त्रिकोणाची तीन टोकं मी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लिहिली होती. यंत्राच्या लेखी ती त्रिकोणाची पाठ होते, आणि जी वस्तू पाठमोरी आहे ती काढायचे कष्ट यंत्र घेत नाही. म्हणजे चारही दिवस माझा त्रिकोण तिथेच होता. मी दोन टोकांची अदलाबदल केली आणि केशरी त्रिकोण पडद्यावर असा उमटला की मी किंचाळले. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, मी पुन्हा पडले.

पुढचा धक्का नवऱ्यालाही बसला. हलतं चित्र कसं दिसतं ते मी त्याला सांगत होते. खेळात माणूस पळतो तेव्हा यंत्र सेकंदाला साठ वेळा अख्खं चित्र पुसून नव्याने काढतं.

"अख्खं? जे हललंच न्हाई तेपण?"

"तेपण. भिंत, आकाश, सगळं."

सिग्नल बदलला की तेवढाच रिले, म्हणजे आतला स्विच, हलतो, बाकी सगळं आहे तसं राहतं, अशा जगात त्याचा जन्म गेला होता. "एवढं कष्ट करून," तो म्हणाला, "दिसायला मात्र काहीच झाल्यासारखं दिसत न्हाई."

प्लास्टर निघायच्या सुमारास, घनाला तिरकं वळवण्याचा गृहपाठ करत असताना मला ती मुलगी आठवली. आठवली म्हणजे अंगावरच आली. दहा-बारा वर्षांपूर्वी ती पालमकडच्या एका खेड्यातून एसटीने यायची. वर्गात क्वचित बोलायची. हेच गणित सोडवून झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण हे असतंय कशाचं?"

"पेपराचं," मी म्हणाले होते. वर्ग हसला. विनोद चांगला जमला म्हणून मीही हसले. ती खाली बसली. मार्क तिला बरे पडले, पण पुढे तिने गणित घेतलं नाही.

मधे एकदा एसटीने जाताना पालमच्या बसस्थानकावर ती दिसली होती. खिडकीशी येऊन तिने नमस्कार केला होता आणि समोरचं आपलं दुकान दाखवलं होतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. तेव्हा मी खाली उतरले नव्हते. आता प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्याच रविवारी मी लंगडत पालमची एसटी धरली. पिशवीत लॅपटॉप होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे, ते तिला द्यायचं, ती खूश होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर कौतुकाचीही थोडी अपेक्षा होती.

ती दुकानात एकटीच होती. पडद्यावर लग्नाचा फ्लेक्स होता. नवरदेवाच्या फोटोचा कोपरा माउसने धरून ती तो जरासा तिरका करत होती. मी पायरीवरच उभी राहून ते पाहत राहिले.

"मॅडम! तुमी? या की, बसा. पायाला काय झालं?"

मी पायाचं सांगितलं. मग म्हणाले, "तू एकदा वर्गात मला एक विचारलं होतंस..."

"हे असतंय कशाचं," ती लगेच म्हणाली. मी पूर्ण वाक्यही केलं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडून माझा घन दाखवला. चार पदं दाखवली. थीटा वाढवून घन वळवला. "आणि तू आत्ता जो फोटो वळवलास ना, त्याच्या आतही हेच चाललं होतं."

तिने माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या. माउस धरून तिने नवरदेवाला हळूहळू पूर्ण गोल फिरवलं. मधे तो फेट्यासकट उलटा झाला, पुन्हा सरळ झाला.

"परत्येक टायमाला? हेच?"

"प्रत्येक वेळी."

मी तिच्या हसण्याची वाट पाहत होते. तिचा चेहरा मात्र घट्ट होत गेला.

"मग त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"हेच. हे कशाचं असतं ते. मला आत्ता कळलं, पाय मोडल्यावर."

एक माणूस आधारकार्डाची झेरॉक्स मागायला आला. त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "काका, दहा मिनिटं थांबा." मग मला म्हणाली, "तुमाला माहीतच नव्हतं? मला वाटलं, तुमाला माहीत हाय. वाटलं, हिला सांगून काय उपयोग, असं वाटलं असंल तुमाला. आमच्या घरात कुणी कॉलेज बघितलं नव्हतं, मॅडम. मी पुढच्या बाकावरच्या पोरींना इचारलं होतं नंतर. तुमाला सांगितलं का मॅडमनी, म्हणून."

किटली वळताना बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. माझ्या एका हसण्यावरून तिने असा समज करून घेतला होता की ज्ञान माझ्याकडे आहे आणि ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे मी माणूस बघून ठरवते. दहा-बारा वर्षं ती तसंच समजत होती. आणि इकडे माझी ओंजळ रिकामी होती. मी म्हणाले, "चुकलं माझं. माहीत नाही, एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं."

'असू द्या मॅडम' असं ती म्हणाली नाही. ती उठली, त्या काकांची झेरॉक्स काढून दिली, बाहेर तोंड काढून दोन चहा सांगितले आणि खुर्ची माझ्याकडे ओढून बसली.

"दाखवा अजून."

तेव्हापासून बहुतेक रविवारी मी पालमला जाते. दुपारी दुकानात गर्दी नसते. आम्ही एक व्याख्यान लावतो. इंग्रजी मी थांबवून सांगते आणि गणिताचं मला कळलं तेवढं सांगते. तिचं प्रोग्रॅमिंग माझ्यापेक्षा लवकर बसलं. पण तिने खरं थक्क केलं ते सावलीच्या बाबतीत. मी लाल जमिनीवर एक पांढरी भिंत उभी केली होती. भिंतीची उजेडाकडे पाठ असलेली बाजू मी काळीकुट्ट ठेवली होती.

"ही अशी नसती," ती म्हणाली.

"का? तिथे उजेड पोचतच नाही."

तिने मला हाताला धरून बाहेर नेलं. भर दुपार होती. समोरच्या बंद दुकानाच्या लाल शटरवर ऊन पडलं होतं. त्याच्यापुढे ओट्यावर सिमेंटची पांढरी पोती रचली होती आणि त्यांची शटरकडची बाजू फिकट लाल दिसत होती. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन. "फ्लेक्सवर माणूस चिकटवला की कडेला मी असा बाजूचा रंग थोडा सोडती," ती म्हणाली. "न्हाईतर तो चिकटवल्यासारखा दिसतोय."

तीन आठवड्यांनी प्राध्यापकांनी तोच विषय काढला. उजेड एका वस्तूवरून उडून दुसरीवर पडतो आणि जाताना पहिलीचा रंग घेऊन जातो. फळाभर समीकरण होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती आपली वहीत लिहीत होती.

कॉलेजात यंदा मी हे प्रकरण किटली फिरवून सुरू केलं. चार-पाच मुलं बाकावर पुढे सरकली. बाकीच्यांनी विचारलं, "मॅडम, हे पेपरात येतं का?" मी येतं म्हणून सांगितलं आणि सूत्रंही लिहून दिली.

गेल्या रविवारी तिने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम दाखवला. एक डबा तीन कोनांनी तिन्ही दिशांना फिरत होता. पण मधला कोन नव्वदवर आणला की उरलेले दोन्ही कोन डब्याला एकाच दिशेने फिरवायला लागायचे. एक दिशा हरवूनच जायची. "माझंच काहीतरी चुकलं असंल," ती म्हणाली. मी एक-एक मॅट्रिक्स तपासली. एकही मायनस चुकला नव्हता. पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं आणि डबा तरीही अडकत होता. असं कसं होऊ शकतं, हेच मला कळेना.

आम्ही व्याख्यानांच्या यादीत शोधलं तेव्हा बऱ्याच पुढे एक सापडलं. प्राध्यापक सांगत होते की हा दोष तीन कोनांच्या पद्धतीतच आहे, आणि त्यावरचा उपाय आहे चार आकडे.

तिने व्हिडिओ थांबवला. "चार? दिशा तर तीनच हायत."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "लाव पुढे."

माझी परतीची गाडी पाचची होती. ती चुकली. साडेसहाची मिळाली.