पुढची चाकं का थरथरतात

"मॅडम, गाडी दुरुस्त केली का नुसती पुसून पाठवली?"

भागवतकाकांचा फोन. त्यांची ड्रिफ्ट कार मी दोन दिवसांपूर्वीच पुन्हा एकदा नीट करून पाठवली होती.

"पुढची चाकं थरथरत्यात अजून. रविवारी हॉलमधी सगळे हसले मला. मी शाळेची बस चालवणारा मानूस, आन हे एवढंसं खेळणं मला आवरंना व्हय?"

माझं श्रीरामपुरात रिमोटवरच्या गाड्या आणि ड्रोन दुरुस्त करायचं दुकान आहे. शेतीच्या हंगामात फवारणीचे ड्रोन येतात, एरवी ड्रिफ्ट कार. ड्रिफ्ट म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची आणि आडवी धरून वळण काढायचं. या गाड्यांचे टायर कडक प्लास्टिकचे असतात, म्हणून त्या फरशीवर मजेत घसरतात. कोल्हारच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला याचा नाद आहे. लग्नाची तारीख नसली की रविवारी त्याच्या हॉलमध्ये पाचसहा हौशी मंडळी जमतात. सगळी माझीच गिऱ्हाइकं. काका त्यात वयाने मोठे आणि तोंडाने फटकळ.

चाकं थरथरली की पहिला संशय गायरोवर. गायरो म्हणजे गाडीतली एक चिमुकली डबी. गाडीचं मागचं अंग घसरलं की तिला कळतं, आणि ती पुढची चाकं आपोआप उलट वळवते. नाहीतर गाडी गरगर फिरेल. ही डबी किती जोर लावेल ते ठरवणाऱ्या सेटिंगला गेन म्हणतात. गेन जास्त झाला की चाकं थरथरतात. मी गेन कमी केला होता. चाकं वळवणारी मोटर, म्हणजे सर्व्हो, बदलली होती. सांधे आवळले होते. दरवेळी गाडी काका बसच्या फेरीआधी ठेवून जायचे, आणि मी दुकानात एकटीच चालवून बघायचे. झकास चालायची.

"इथं चांगली चालते, काका."

"मग हितं या आन चालवून दावा."

मी चिडले. एका गाडीपायी आख्ख्या ग्रुपमध्ये माझं नाव खराब होत होतं. शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास हत्यारं पिशवीत भरली आणि कोल्हारला काकांच्या घरी जायला स्कूटी काढली.

मी पोचले तेव्हा काका पोरांना सोडून नुकतेच आले होते. पिवळी बस अंगणात उभी होती. बाजूला चांगला घोटलेला कोबा होता. काकांनी तो स्वतः झाडला, गाडी ठेवली आणि चालवली. चाकं खरंच थरथरत होती.

मी गेन आणखी कमी केला. गाडी गरकन फिरून पायरीला धडकली. वाढवला. पुन्हा थरथर. काकूंनी आणलेला चहा तसाच गार झाला. मी गुडघ्यांवर बसून स्क्रू खोलत होते, आणि काका माझ्याभोवती येरझाऱ्या घालत होते.

"न्हाई जमत तर तसं सांगा. पुन्याला पाठवतो."

"काका, दोन मिनिटं गप्प बसा."

मी रिमोट घेतला. गाडी कोब्यावर सुरेख आडवी होऊन वळली. त्यांच्या हातात दिला. थरथर. परत माझ्या हातात. काही नाही. आता रिमोटवर संशय आला. रिमोटच्या उजव्या बाजूला एक छोटं चाक असतं, तेच स्टिअरिंग. ते किती वळलंय ते स्क्रीनवर एका रेघेने दिसतं. मी रिमोट ओट्यावर ठेवला. रेघ स्थिर. हातात धरला. स्थिर.

"काका, हा धरा. चालवू नका. चाकावर नुसती बोटं ठेवा."

रेघ डावीउजवीकडे हलायला लागली. बारीक, पण सारखी.

काकांनीही ती पाहिली. मग काकांनी रिमोट खाली ठेवला आणि उजवा हात खिशात घातला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दिवाळीपासनं. घरात म्हाईत न्हाई." मग म्हणाले, "ह्याला काय करता येतं का? म्हंजी हात हलला तरी गाडीला कळू नये?"

करता येत होतं. डेडबँड नावाची सेटिंग असते. ती वाढवली की चाकाची बारीक हालचाल रिमोट मोजतच नाही. मी वाढवली. काकांनी गाडी चालवली. थरथर गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

"बघा! लई सोपं हुतं."

मला मात्र बसकडे बघवेना. "काका, बसला अशी सेटिंग नसते."

हसू गेलं. "बसचं स्टिअरिंग जड असतंय. त्याच्यावर हात हलत न्हाई. आजवर एक ओरखडा न्हाई माझ्या गाडीला."

"डॉक्टरला दाखवा. तोवर बस दुसऱ्याला द्या."

"आन मी काय करू? घरी बसू?"

"शाळेत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

"गाडी बघायला बोलावलं हुतं तुमाला," काका म्हणाले. "झाली गाडी. या आता."

रविवारी चर्चमध्ये माझं लक्ष लागलं नाही. वाटे, मी कोण सांगणारी? मी काही डॉक्टर नाही. लगेच डोळ्यांपुढे नगर-मनमाड रोड यायचा, उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामधून जाणारी पिवळी बस. दुपारी हॉलवर फोन केला. काका आले नव्हते.

सोमवारी बस निघायच्या आधी मी कोल्हारच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. मोबाईलवर शाळेचा नंबर काढून ठेवला होता. बस आली. स्टिअरिंगवर त्यांचा पुतण्या होता. काका मागच्या दारात उभे राहून पोरांची दप्तरं वर घेत होते, डाव्या हाताने.

त्यांनी मला पाहिलं. "झालं समाधान?"

"हो," मी म्हटलं. आणि स्कूटी वळवली.

नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि बस चालवायला मनाई केली. थोडा फरक आहे, असं पुतण्या सांगतो. काका माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी हॉलमध्ये त्यांची गाडी सगळ्यांत सफाईदार वळते. सेटिंग कुणी केली असं कुणी विचारलं, तर ते माझं नाव घेत नाहीत.

आता गाडी दुरुस्तीला आली की स्क्रू खोलायच्या आधी मी ती गिऱ्हाइकालाच चालवायला लावते. पुष्कळ वेळ वाचतो. फक्त त्या वेळी गाडी सोडून माणसाच्या हाताकडे बघायचं धैर्य दरवेळी नव्याने गोळा करावं लागतं.