सत्त्याऐंशीचं पान

रिकामी जागा नावाची गोष्ट जगात नसते, अशी आमच्या आतोबांची ठाम समजूत होती. जागा कुणाची तरी असतेच. तो अजून पोचलेला नसतो, इतकंच. भोरच्या शाळेत शास्त्र शिकवता शिकवता ही खोड त्यांना मूलद्रव्यांच्या तक्त्यावरून लागली. त्या तक्त्यात जगातली सगळी मूलद्रव्यं क्रमाने आणि घराण्याघराण्याने मांडलेली असतात, पण त्या काळी मधले काही चौकोन कोरे होते. तिथलं द्रव्य कुणालाच सापडलेलं नव्हतं. तुम्हीआम्ही अशा चौकोनाकडे पाहून पान उलटलं असतं. आतोबा म्हणत, "पान मांडलंय. जेवणारा वाटेत आहे." मी रसायनात दोनदा नापास झालो होतो, म्हणून आत्याच्या सगळ्या भाच्यांत मी त्यांचा विशेष लाडका. पास झालेल्यांना म्हणे सगळे चौकोन भरलेलेच दिसतात.

शेजारीपाजारी पाहून न आलेल्याचा स्वभाव सांगायचा, हा त्यांचा छंद. एकदा कापूरहोळच्या फाट्यावर भोरची मोटार सुटायची वाट बघत बसली होती. दोन धिप्पाड गुळाच्या व्यापाऱ्यांमध्ये वीतभर जागा मोकळी होती. आतोबांनी ती नीट न्याहाळली आणि जाहीर केलं, "इथे येणारा हाडकुळा असणार, पायात चपला जुन्या असणार, आणि भोर येईपर्यंत तो एक शब्द बोलणार नाही." सगळी मोटार त्या इसमाची वाट पाहू लागली. तेवढ्यात ड्रायव्हरने टपावर बसलेल्या मला खाली बोलावून तिथे कोंबलं. चपलांबद्दल मी काही बोलू इच्छित नाही. आणि बोलायला छातीत हवाच उरली नव्हती.

घरी ओसरीच्या फरशीवर त्यांनी तो सबंध तक्ता पांढऱ्या तेलरंगाने काढला होता. एकेक चौकोन पाटाएवढा. शेवटची ओळ सत्त्याऐंशीला सुरू होई आणि ब्याण्णवाला, युरेनियमवर, थांबे. तिथे जगातली मूलद्रव्यं संपत, आणि ओसरीही. आतोबा मात्र पायरी उतरून अंगणात गेले आणि चुन्याने पुढचे चौकोन आखत थेट तुळशीपर्यंत पोचले. मी विचारलं, "आतोबा, युरेनियमच्या पुढे काही आहे असं कुणी म्हणतं का?" ते म्हणाले, "ओसरी संपली म्हणून पंगत संपते का रे?" अंगण सारवताना आत्याला त्या चौकोनांना वळसा घालावा लागे. "जन्मात न पाहिलेल्या पाहुण्यांनी माझं अंगण अडवलंय," ती म्हणे. पण वळसा घाली.

या सगळ्यांत त्यांचा जीव अडकला होता तो कोऱ्या सत्त्याऐंशीत. त्याचं घराणं तापट. सोडियम पाण्यात टाकलं की फुरफुरतं, पोटॅशियम पेटतं, त्याखालचे तर विचारूच नका. तेव्हा सर्वांत खालचा हा धाकटा पाणी नुसतं दिसलं तरी भडकणार, असं आतोबांचं अनुमान. तो वेल्ह्याच्या डोंगरात कुठेतरी दडलाय अशी आशा धरून ते सुटीत मला घेऊन निघत. गुंजवण्यापासून एक भलाथोरला दगड मी डोक्यावरून आणला, आणि आतोबा पाय धूत होते तेवढ्यात त्याचा टवका काढून आत्याच्या पाण्याच्या हंड्यात टाकला व खांबाआड पळालो. टवका निमूट बुडाला. "गाढवा," आतोबा म्हणाले, "मिठातही सोडियम असतं. आमटीत मीठ घालताना आत्या खांबाआड जाते का?" उरलेला दगड आत्याने लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला.

धनगरवाड्यावरची एक म्हातारी लोणी विकायला येई, तीही त्यांच्यासाठी ओटीतून दगड आणी.

"मास्तर, ह्यो लई जड हाय. सोनं हाय का?"

"सोनं नाही आजी, त्याहून मोठं काहीतरी असेल."

"मंग त्येचं डागिनं व्हत्यात का?"

"नाही."

"मंग तुमचं बी माझ्या म्हाताऱ्यावानीच हाय. त्यो बी डोंगरात दिसभर कायतरी हुडकतो, घरी येताना मोकळाच!"

पुढे माझ्या आतेबहिणीचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरज, त्याआधी दुपारी वरपक्षाची पंगत, आणि पानं मांडायचं काम माझ्याकडे. आतोबांनी बजावलं होतं, "कोऱ्या चौकोनांत पान मांडू नकोस." पण वऱ्हाड अपेक्षेपेक्षा मोठं निघालं, आणि पाट घालायला आयते आखलेले चौकोन सोडणं मला वेडेपणाचं वाटलं. मी सगळे भरले. शेवटच्या ओळीचं पहिलं, म्हणजे सत्त्याऐंशीचं, पान दाराजवळचं, वाऱ्याचं. ते मानाचं समजून त्यावर वराचे मामा बसले. हे गृहस्थ आल्यापासून पाय धुवायचं पाणी गार म्हणून एकदा आणि चहा गोड म्हणून एकदा रुसून झाले होते.

आतोबा तूप वाढत आले आणि थबकले. "आपण जरा शेजारच्या मोकळ्या पाटावर सरकता का? ही जागा राखलेली आहे."

"कुणासाठी?"

"तो अजून सापडला नाही."

मामांचा चेहरा लाल झाला. मी मदतीला धावलो. "गैरसमज नको मामासाहेब, तुमचा स्वभाव पाहता तुम्ही अगदी योग्य चौकोनात बसला आहात." एवढ्यात कुणीतरी त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं, आणि मामा ताडकन उठले. आतोबांच्या डोळ्यांत अशा प्रसंगीसुद्धा आनंद चमकला, तो मी एकट्याने पाहिला.

"शुभकार्यात रिकामं पान राखता? गेलेल्या माणसासाठी राखतात ते! चला रे, उठा सगळे!"

घास हातात धरून सगळी पंगत थांबली. नवरदेवाने पाटावरून एक पाय खाली घेतला. माजघरात पिवळी साडी नेसलेली माझी बहीण भिंतीला टेकून खाली बसली. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की बरणीवरचा दगड तिला आठवला असावा.

आतोबांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "गेलेल्यासाठी नाही हो," ते हळू म्हणाले. "यायच्या असलेल्यासाठी. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण आहे नक्की. आला आणि जागाच नसली, तर आपण कसले यजमान?"

मग माजघराच्या दारातून विहीणबाईंचा आवाज आला. "दादा, बसा खाली. ज्या घरात न आलेल्याचंसुद्धा पान धरतात, त्या घरची मुलगी माझ्या दारातून कुणाला उपाशी जाऊ देणार नाही. मला हीच सून हवी."

मामा घोटाळले. बसावं तर दुसऱ्या नंबरवर! आतोबा पुढे झाले. "ते पान रेडियमचं आहे. जगात त्याच्याइतकं महाग काही नाही."

"सोन्यापेक्षा?"

"सोनं त्याच्यापुढे कोळसा."

मामा रेडियमवर बसले, जिलब्यांचं दुसरं वाढपही त्यांनी घेतलं. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं.

त्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी आली, की पॅरिसमधल्या एका बाईंना सत्त्याऐंशी सापडलं. आतोबा सकाळभर ओसरीवर त्या चौकोनाशी बसून होते. वेल्ह्याचे सगळे डोंगर त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. जेवायच्या वेळी त्यांनी स्वतः दाराजवळच्या चौकोनात पाट मांडला, पान मांडलं. वरणभात, लिंबाची फोड, सगळं वाढलं. आत्या तांब्याभांडं घेऊन आली तसे घाईने म्हणाले, "अगं, त्याला पाणी नको!"

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कळलं, की युरेनियमच्या पुढचीही द्रव्यं निघाली. तोवर आतोबा नव्हते. मी भोरला गेलो तेव्हा आत्या अंगण सारवत होती. चुन्याच्या रेघा केव्हाच गेल्या होत्या, तरी हात सवयीने वळसे घेत होता.

"बाजूला हो रे. कुणाच्या तरी जागेवर उभा आहेस."

"आत्या, ते आले. अंगणातले पाहुणे."

तिने हात धुतले, पदराला पुसले. "मग पानं मांडायला हवीत. यांना पाणी चालतं का रे?"

मी दोनदा नापास झालेला माणूस. मला काय ठाऊक? ज्यांना विचारायचं, त्यांचा पाट आत्याने ओसरीवर मांडलेलाच होता.