उदगीरचे कावळे, पुण्याचं पाणी

चौबाऱ्याच्या मागच्या बोळात शरणप्पाची पिठाची गिरणी आहे. अख्ख्या उदगीरला ती ठाऊक नसली तरी आसपासच्या गल्ल्यांचं तिच्यावाचून चालत नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते, म्हणून बायका थोडं थोडं दळून नेतात. त्यामुळं गिरणी बंद ठेवता येत नाही, असं शरणप्पा सगळ्यांना सांगायचा. खरी गोष्ट अशी की गिरणीबाहेर काय करायचं असतं हे त्याला उमगतच नसे. पाहुण्यांच्या लग्नाला गेला तरी पंगत उठली की त्याची चुळबुळ सुरू. इतक्या वर्षांच्या घरघरीनं कानही अधू झाले होते. समोरच्याचं अर्धं ऐकायचं आणि उरलेलं मनानं पुरं करायचं, ही त्याची खोड. दळणाच्या धंद्यात तेवढ्यावर भागतं.

असा हा माणूस यंदा समुद्र बघायला जायचं कबूल करून बसला होता.

ठरलं ते वेळ अमावस्येच्या सणाला. पुण्याहून लेक पुनम, जावई वैजनाथ आणि नुकतीच चालायला लागलेली नात आली होती. शेतात कडब्याच्या कोपीपाशी आंबील पिता पिता वैजनाथ म्हणाला, "अप्पा, सव्वीस जानेवारीला जोडून मला सुट्टी हाय. तुम्ही दोघं पुण्याला या. तिथून गाडीनं कोकणात जाऊ. अव्वांनी समुद्र बघितलाच न्हाई म्हणं."

शरणप्पा नेहमीसारखं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेणार होता. पण त्याची बायको, पोरांची अव्वा, मंजुश्री मिश्र भाज्यांची भज्जी वाढता वाढता थांबली होती, पळी तशीच अधांतरी धरून. ते बघून तो म्हणाला, "येतो की."

संक्रांत झाली आणि उदगिरात कावळे मरायला लागले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग हातमोजे घातलेली माणसं मेलेले पक्षी पिशव्यांत भरताना दिसली, बातम्यांत गावाचं नाव आलं, चिकनची दुकानं बंद झाली. बर्ड फ्लू. शरणप्पाच्या घरात मांसमच्छीला थारा नाही, गळ्यात इष्टलिंग; त्याला वाटलं, आपला काय संबंध? पण एका सकाळी गिरणीचं शटर उघडायला गेला तर पायरीवर एक कावळा पडलेला. पंख पसरलेले, चोच उघडी, डोळा हलत होता. पाणी घालावं की लांब व्हावं, शरणप्पाला कळेना. तो घरातून तांब्या घेऊन आला, दोन पावलं पुढं गेला, परत मागं आला. तेवढ्यात कावळ्याचा जीव गेला. नंतर पायऱ्या फिनेलनं धुतल्या, तरी त्या दिवशी निम्म्या बायका डबे घेऊन दारातूनच परत फिरल्या.

हे निवतंय न निवतंय तोवर पुण्याची बातमी आली. आणली सटवाजीनं. हा हाळी गावाकडचा शेतकरी, बाजाराच्या दिवशी दळण टाकून गप्पा मारत बसणारा.

"अप्पा, पुण्याला निघालाव म्हणं?" गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवत तो म्हणाला. "अवो तिथं पाणी पिलं की माणसाचे पाय जायलेत! चांगली धडधाकट माणसं लुळी पडायलेत."

"काय जायलंय?"

"पाय! जीबीएस म्हणायलेत त्याला."

शरणप्पाला ऐकू आलं जीपीएस. ते तर जावयाच्या गाडीत होतं, रस्ता दाखवायचं. त्यामुळं पाय कसे जातात, याचा विचार करत त्यानं दोन गिऱ्हाइकांची दळणं अदलाबदल केली. संध्याकाळी टीव्ही लावला तेव्हा नावाचा उलगडा झाला, पण बाकीचा गोंधळ वाढला. एक जण सांगत होता, घाबरू नका. त्याच्याच शेजारी दवाखान्याची चित्रं फिरत होती.

पुनमचा फोन आला. मंजुश्रीनं तो स्पीकरवर टाकला.

"अप्पा, तिकडं कावळे मरायलेत ना? शेजारचे विचारायलेत, तुझे आईबाप तिथूनच येणार का म्हणून."

"आमचं राहू दे. तुमच्या पाण्याचं काय?"

"आम्ही उकळूनच पितो. आमच्या भागात अजून तसं काही न्हाई. पण बाळी लहान हाय, भीती वाटती. तुम्ही बघा आता, अप्पा. या म्हणावं का नका म्हणावं, माझं मलाच कळंना."

फोन ठेवल्यावर शरणप्पा म्हणाला, "नको म्हणाली."

"या म्हणाली की ओ!" मंजुश्री म्हणाली. "नको असतं तर सरळ सांगितलं असतं तिनं. माझी लेक हाय."

"लेक हाय म्हणूनच सरळ सांगंना."

दोघांनी एकच बोलणं ऐकलं होतं आणि दोघांनाही आपलं खरं वाटत होतं. आता हिला खोटं पाडावं तर आपलीच खात्री नाही, आणि खरं मानावं तर निघावं लागतंय, अशी शरणप्पाची गत झाली.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला. जवळच्याच गल्लीतले, ओळखीचे. "डॉक्टरसाब, आमच्याकडचा कावळ्याचा रोग पोरीच्या घरी जाईल का? आणि तिथला पायाचा रोग आम्हाला लागंल का?"

"दोन्हीची शक्यता तशी कमी आहे."

"म्हणजे जावं?"

"काळजी घेऊन जायला हरकत नाही."

"हरकत न्हाई, पण गेलो न्हाई तर?"

"तर प्रश्नच नाही," डॉक्टर हसले. "पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, हात धुवा, आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका."

शरणप्पा बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे सगळं उदगिरात राहूनही करायचंच आहे. मग जाण्या न जाण्याचं काय? परत आत जाऊन विचारायची त्याला लाज वाटली.

शेवटी त्यानं देगलूरला साडूला फोन लावला. माणिकप्पा म्हणजे मंजुश्रीच्या थोरल्या बहिणीचा, नागम्माचा नवरा. तेलंगणाच्या सीमेवर कापडाचं दुकान, बोलण्यात कानडी, तेलुगू, मराठी सगळं कालवलेलं. त्यानं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "होगबेडी शरणप्पा, होगबेडी. जाऊ नका. जीव हाय तर फिरणं हाय."

"मग मी तिला तसं सांगतो."

"हां, सांगा." शरणप्पा फोन ठेवायला निघाला. तेवढ्यात माणिकप्पा म्हणाला, "थांबा. सांगू नका. त्या साली आपण चौघं कन्याकुमारीला निघालो होतो, याद हाय ना? करोना आला म्हणून मीच थांबवलं. बरोबरच केलं. सगळे म्हणाले बरोबर केलं. पुढच्या साली नागम्माला करोनानं घरातनंच नेलं की हो. ती कुठं गेली होती? देवळातसुद्धा गेली न्हवती."

शरणप्पानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मला इचारू नका," माणिकप्पा म्हणाला. "मला न्हाई समजत."

दुपारी शरणप्पा जेवायला घरी आला. मंजुश्रीनं पिशवी भरून दारात ठेवली होती. सकाळी तीच पिशवी रिकामी करून साड्या कपाटात गेलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. धपाटे करून डब्यात भरले होते, शेंगदाण्याची चटणी बांधली होती.

"माणिकप्पांना फोन केलाव?" तिनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"त्यांचा मला आला. रडायलते." तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. "हे बगा, मलाबी भ्या वाटतंय. बाळीचं वाटतंय, तुमचं वाटतंय. पण पुढच्या वर्षी जाऊ असं कुणी म्हणलं की त्याचंबी भ्या वाटतंय. नागम्मा माझ्या मागं लागली होती, समुद्रात दोघी हात धरून उभं राहू म्हणून. तुम्ही जायचं म्हणा, न्हाईतर ऱ्हायचं म्हणा. मी दोन्हीला तयार हाय. पण काहीतरी म्हणा."

शरणप्पानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि तो तसाच वाटीत राहिला. त्यानं तोंड उघडलं खरं, पण 'जाऊ' आणि 'नको' दोन्ही शब्द एकदमच आले. "संध्याकाळपर्यंत बघू," तो म्हणाला.

संध्याकाळीही त्याचं काही ठरलं नाही. दोघांपैकी कुणी नको म्हणालं नाही, म्हणून निघाले. गिरणीला कुलूप लागलं. ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर पिशवी पायापाशी ठेवून शरणप्पा उभा राहिला. मनात तो अजून घरीच होता. गाडीवाला सामान मागायला आला तेव्हा त्यानं त्याला विचारलं, "लोकं जायलेत का पुण्याला?"

"काका, एक सीट रिकामी न्हाई."

"आणि यायलेत का तिकडून?"

"येणारीबी फुल्ल हाय."

यातून काय घ्यावं, याचा विचार चालू असतानाच मंजुश्रीचा फोन वाजला. पुनमचा आवाज रडवेला होता. बाळीला सकाळपासून जुलाब होत होते, दोनदा उलटी झाली होती, दवाखान्यात नेत होते. जुलाबानंतरच तो पायाचा रोग होतो असं ऐकलं होतं. "अव्वा," एवढं म्हणाली आणि पुढचं गाडीच्या इंजिनात बुडालं.

"काय म्हणाली?" शरणप्पा ओरडला. "या म्हणाली का?"

मंजुश्री तोवर गाडीची पायरी चढली होती. शरणप्पा पिशवी उचलून तिच्या मागं धावला. आपण आता सहलीला निघालो नाही, एवढं त्याला कळलं आणि नवल म्हणजे त्याला जरा हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

बाळीचं दुखणं साधं निघालं. सलाईन लागलं, तपासण्या झाल्या, आणि ती घरी आली. दवाखान्यातल्या बाईनं दोनदा सांगितलं, तसलं काही नाही. तरी शरणप्पाचा विश्वास बसेना. बाळी झोपली की तो तिच्या तळपायाला बोटानं गुदगुल्या करून बघायचा. तिनं पाय झटकून मागं घेतला की त्याला बरं वाटायचं. असं दिवसातून कितीदा तरी. शेवटी पुनम चिडली, "अप्पा, झोपू द्या की तिला!" इकडं मंजुश्री पातेल्यामागून पातेलं पाणी उकळत होती. स्वयंपाकघराच्या खिडक्या वाफेनं आंधळ्या झाल्या होत्या.

कोकणाचं कुणी नाव काढलं नाही. सुट्टीचा एकच दिवस उरला तेव्हा वैजनाथ म्हणाला, "आता कोकणात मुक्कामाला जाणं काही जमत न्हाई. पण अलिबाग एका दिवसात होतं. अव्वा, अप्पा, चला. पुनम थांबंल बाळीपाशी."

"मी येते," मंजुश्री म्हणाली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही.

शरणप्पा उठला, चप्पल घातली, परत काढली. बाळी त्याच्या धोतराला धरून उभी होती. बाहेरचं खाणं, बाहेरचं पाणी, आणि उद्या आपलेच पाय गेले तर? आणि न जावं तर बायको एकटी. "तुम्ही जाऊन या," तो म्हणाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्याला वाटलं, जायला पाहिजे होतं. दुपारी बाळीनं खिमटी खाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा वाटलं, राहिलो तेच बरं.

मंजुश्री अंधार पडायच्या आत आली. लुगड्याचे काठ वाळून पांढरे पडले होते.

"कसा हाय?" त्यानं विचारलं.

"लई हाय."

"लई म्हणजे?"

"लईच. संपतच न्हाई." ती जरा थांबली. "वैजनाथनं हात धरला होता. मग मी त्याला सोड म्हणलं. जरा वेळ एकटीच उभी ऱ्हायले."

ती आत जाऊन बाळीला घेऊन बसली. तिला आनंद झालाय की वाईट वाटतंय, हे शरणप्पाला तिच्या तोंडावरून काही केल्या कळेना. विचारावं असं वाटलं, पण ती बाळीशी कानडीत काहीतरी बोलत होती. माहेरची आठवण आली की ती कानडीत बोलते.

परतीच्या गाडीत शरणप्पाच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. गाडी जिथं थांबेल तिथं तो खाली उतरून पाय आपटायचा, चार पावलं चालायचा. मंजुश्रीनं पहिल्यांदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. उदगीरला उतरल्यावर पाय ठीक होता. पण पुढचे पंधराएक दिवस तो सकाळी भिंतीला धरून एका पायावर उभा राहायचा, मग दुसऱ्या.

गावात कावळे मरायचे थांबले होते. कधी थांबले, कुणाला नेमकं सांगता येईना. आता बायका दुसऱ्याच कारणानं गिरणीपासून हातभर लांब उभ्या राहत. "पुण्याहून आलाव ना, अप्पा?" म्हणत डबा पायरीवर ठेवून मागं सरत. शरणप्पा स्वतःच पायरीवरून डबा उचलून घ्यायचा. त्यांच्या जागी असता तर त्यानंही तेच केलं असतं.

बाजाराच्या दिवशी सटवाजी आला. "मग अप्पा, गेलाव ते बरं झालं का?"

शरणप्पानं गिरणी बंद केली, आवाज पुरता विरू दिला, आणि खरंच विचार केला. गेलो नसतो तरी बाळी बरी झालीच असती. गेलो म्हणून तर हिला समुद्र दिसला. पण ती तिथून आल्यापासून गप्प गप्प आहे. आणि आपण तिच्याबरोबर नव्हतो, हे बरं की वाईट?

"बाळी चालायली चांगली," तो म्हणाला.

"ते न्हवं, तुमचं विचारलो मी."

"हां," शरणप्पा म्हणाला, आणि त्यानं सटवाजीचं दळण वजनकाट्यावर चढवलं.