मोहफुलांच्या वासाची नायिका

सरांनी माझी पानं दोन बोटांत धरली होती, मेलेला उंदीर धरावा तशी. चंद्रपूरच्या लेखन शिबिराचा दुसरा दिवस. समोर चाळीसेक माणसं. पुण्याहून आलेले हे नामवंत कादंबरीकार माझं लिखाण माईकवर नाक मुरडत वाचत होते.

"नायिकेच्या हाताला मोहफुलांचा वास. भीतीनं तिला लघवीला होते." ते थांबले. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. सगळा हॉल हसला.

मग म्हणाले, जादूच्या कादंबरीत नायिका वाचकाला आवडायला हवी, हिच्याजवळ कोण बसेल? मी उभीच होते. त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. त्या मायेची मला आजही किळस येते.

"तुम्ही अनुभव लिहा. दुःख लिहा. राण्या, राक्षस, जादू हे तुमच्या लोकांचं काम नाही."

तुमच्या लोकांचं. म्हणजे जन्मभर आम्ही रडून दाखवायचं, आणि त्यांनी पान उलटत हळहळायचं.

मी चिमूरला सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. लोकांचे दाखले काढते आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कादंबरी लिहिते. कादंबरीतल्या जंगलात माणसाच्या तोंडाचा वाघ आहे. नायिकेची जादू एवढीच, की तिनं नाव घेऊन हाक मारली आणि समोरून 'हो' आला, की त्या माणसाला वाघ शिवत नाही. म्हणून तिला बसता येत नाही, झोपता येत नाही. आणि तिला भीती वाटते. खूप वाटते.

ही जादू मी आभाळातून आणली नाही. आमच्या गावच्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वेचताना वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. म्हणून एक बाई वाकत नाही. झाडाला पाठ लावून उभी राहते आणि एकेकीचं नाव घेते. प्रत्येकीनं 'हो' म्हणायचं. आमच्या घोळक्यात माझी माय उभी राहते. मागच्या उन्हाळ्यात तिनं माझ्या मावशीला तीन हाका मारल्या. 'हो' आला नाही.

चहाच्या वेळी सर जवळ आले. नायिका सुधारा, म्हणाले, प्रकाशकाशी मी बोलतो. पंधरा दिवसांनी नागपूरला भेटा.

आणि मी ती सुधारली. हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येते. तिला गोरी केली. कंबर बारीक केली. हाताला चंदनाचा वास दिला. भीती काढून तलवार दिली. हाका काढल्या. मावशीवरून लिहिलेल्या बाईसकट बाकीच्या बाया खोडल्या आणि तिला एकटीला जंगलात धाडलं. छापून यायचं होतं मला. पुस्तकावर नाव बघायचं होतं.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी अंगणात माय आणि शेजारची जाईबाई मोहफुलं वाळत घालत होत्या. मी हौसेनं वाचून दाखवलं. जाईबाईनं फुलं पसरता पसरता ऐकलं आणि म्हणाली, "अशी बाई वाघानं नेली त नेली. आपल्याले काय करा लागते?"

मायनं हातातली फुलं खाली ठेवली. मग विचारलं, "थे एकटी काऊन गेली? तिले आवाज द्यायले कोणीच नाई का?"

आवाज देणारी माझ्यासमोर बसली होती. मीच तिला खोडलं होतं, एका रुमालवाल्यासाठी. मावशीला वाघानं नेलं, पण तिला कागदावरून मी पुसलं. चौथी शिकलेल्या माझ्या मायला जे कळलं, ते त्या शिबिरात कोणी शिकवलं नाही. जिला कोणी हाक मारत नाही, तिच्यासाठी वाचकाचा जीव कशाला तुटेल?

तरी मी नागपूरला गेले. सरांनी पानं चाळली आणि खूश झाले. आता कशी देखणी झाली, म्हणाले. मी त्यांच्या हातातून पानं ओढून घेतली.

"सर, ही मेली तर कोणी रडणार नाही. माझी पहिलीच राहील."

"मग छापून येणार नाही."

"नका छापू."

त्यांनी पुन्हा तो मायाळू चेहरा केला. मी तो पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही, जिना उतरले.

अनुभव हवा होता ना यांना? हा घ्या. यापुढे एकही मिळणार नाही. यापुढे मी राक्षसच लिहीन, जादूच लिहीन. नायिका काळी राहील, घाबरेल, लघवीला आडोशाला जाईल, आणि तिच्याभोवती बायांचा घोळका असेल. तिला मी मावशीचं नाव दिलं आहे. पहिल्या पानावर माझी माय तिला हाक मारते आणि ती 'हो' म्हणते. तो 'हो' खोडायला जो कोणी पेन उघडेल, त्याच्या हातून मी पानं अशीच ओढून घेईन.