आमची उशाशी बसणारी म्हातारी

माणसांपुढे हरलेले व्यापारी कल्याणात पुष्कळ सापडतील. मेलेल्यांपुढे हरलेली पुढारीण मी एकच पाहिली. माझ्या पांगळ्या आईच्या उशाशी बसायला आलेली ती कोकणातली म्हातारी. तिकडच्या निराधार बायका गलबताने इकडे येत, घरोघरी आजाऱ्यांची, बाळंतिणींची सेवा करीत. या बाईने त्या साऱ्यांची एक मूठ बांधली होती. अमावास्येच्या दुपारी त्या खाडीकाठच्या वडाखाली जमत. सेवा करता करता मेलेल्या बायकांसाठीही म्हातारी घोंगडीवर जागा सोडी आणि जिवंतांवर ओरडे, "सरक गो, तिच्या मांडीवर बसलीस!" मी पाठीवर पोती वाहून तांदळाच्या वखारीचा मालक झालेला माणूस, भाव करताना मला कोणी नमवलं नव्हतं. ही मात्र माझं बोलणं ऐकून माझ्या खांद्यामागे बघे आणि म्हणे, "त्या नाही म्हणतात." मी दोनदा मागे वळून पाहिलं, हा राग अजून गेलेला नाही.

साथीच्या वर्षी म्हातारीच्या जागी आईची सेवा करणारी सोनू माझ्याच घरात तापली. मी तिला गावाबाहेरच्या झोपडीत हलवलं. म्हातारी दारात उभी.

"जिथे राबली, तिथेच तिचं आजारपण. उशाशी आमची बाई."

"म्हातारे, माझं घर धर्मशाळा नव्हे!"

"मग उद्यापासून कल्याणात एकही बसायची नाही, शेट."

एकही बसली नाही. सकाळी आईला पाणी द्यायला गेलो, तर तिचे ओठ ओले, अंथरूण नीटनेटकं, आणि तीन वर्षं न हललेला उजवा हात कोणी धरल्यासारखा अधांतरी.

"नवी बाई चांगली आहे रे," आई म्हणाली. "हात तेवढे गार आहेत."

मी तडक वड गाठला. "संप म्हणता आणि चोरून बाई पाठवता?"

म्हातारी पांढरीफटक पडली. मग मोकळ्या घोंगडीवर कडाडली, "फितूर मेल्यांनो! गेलात तरी कामाची खोड जात नाही?" आणि ओशाळून मला म्हणाली, "जिवंत माझ्या शब्दात आहेत, शेट. ह्या नाही ऐकत."

संप माझ्या घरी मोडलाच होता. मला नमायचं कारण नव्हतं. पण मेल्यावरही ज्यांनी माझ्या आईला तहानलेलं ठेवलं नाही, त्यांच्यातल्या एकीला झोपडीत कशी ठेवू? सोनूला माजघरात आणून निजवलं. मग आळीनेही म्हातारीची अट मानली. सोनू वाचली.

पुढल्या शिमग्यात एका सकाळी आई उशाकडे बघून म्हणाली, "आज तू आलीस होय? बस, दमलीस." दुपारी निरोप आला: म्हातारी पहाटेच वारली, कुणा बाळंतिणीच्या घरी. मी आईला काही सांगितलं नाही. उशाशी पाट मांडला. बसताना म्हातारीचे गुडघे धरायचे, म्हणून त्यावर गोधडीची घडी टाकली.